चेंडू, नियम आणि शनिवारची दुपार



फुटबॉल हा खेळ किती जुना, या प्रश्नाची दोन उत्तरे देता येतात आणि ती दोन्ही खरी आहेत. चेंडूला लाथ मारण्याचा खेळ एवढाच अर्थ घेतला, तर त्याचे वय सांगणे कठीण आहे. चीनमध्ये हान राजवटीच्या काळी, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, ‘त्सूजू’ नावाचा पायचेंडूचा खेळ सैनिक खेळत असत. परंतु ज्याला लिखित नियम आहेत, नियामक मंडळ आहे, पंच आहे आणि जो मुंबईत व मॉन्टेव्हिडिओत एकाच रीतीने खेळला जातो, असा संघटित खेळ म्हणून विचार केला, तर त्याची जन्मतिथीच हाती लागते. ती तिथी २६ ऑक्टोबर १८६३. आणि जन्मस्थान म्हणजे लंडनमधील ‘फ्रीमेसन्स टॅव्हर्न’ नावाचे एक पानगृह.

या दोन उत्तरांमधील अंतर कसे कापले गेले, हे आज पाहावयाचे आहे. त्यात दोन प्रश्न येतात. खेळ संघटित कसा झाला, हा पहिला. आणि संघटित झाल्यावर तो कोणाचा ठरला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नियमांच्या पुस्तकात मिळते. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठी मात्र मैदानाबाहेर, गिरणीच्या दारापर्यंत जावे लागते.

मध्ययुगीन इंग्लंडमधील फुटबॉल म्हणजे एक प्रकारची दंगलच होती. लेंटचे उपवास सुरू होण्यापूर्वीच्या मंगळवारी दोन गावे, किंवा एकाच गावाचे दोन भाग, एका चेंडूवर तुटून पडत. आपल्याकडे शिमग्यात जशी एरवी न चालणारी मोकळीक चालते, तशीच ती होती. डर्बीशायरमधील ॲशबोर्न या गावी हा खेळ आजही टिकून आहे. तेथे नदीच्या कोणत्या बाजूस तुमचा जन्म झाला यावर तुमचा पक्ष ठरतो, आणि दोन गोलांमधील अंतर तीन मैल असते! अशा खेळाने दुकाने फुटत, माणसे जखमी होत. म्हणून १३१४ साली लंडनच्या महापौराने राजाच्या नावाने फुटबॉलवर बंदी घातली. पुढेही अनेक राजांनी असे हुकूम काढले. तेच ते हुकूम पुन्हापुन्हा काढावे लागले, यावरून ते किती पाळले जात असतील याची कल्पना करता येते.

एकोणिसाव्या शतकात या रांगड्या खेळाला आश्रय मिळाला तो श्रीमंतांच्या निवासी शाळांतून. ईटन, हॅरो, रग्बी, वेस्टमिन्स्टर, चार्टरहाउस या शाळांत मुले फुटबॉल खेळत. परंतु प्रत्येक शाळेची तऱ्हा निराळी. रग्बीस विस्तीर्ण हिरवळ होती, तेव्हा तेथे चेंडू हातात घेऊन पळणे आणि पळणाऱ्यास आडवे पाडणे चालत असे. जेथे फरसबंद आवारात खेळावे लागे, तेथे पडले तर हाड मोडावयाचे. म्हणून तेथे चेंडू पायाने पुढे ढकलीत नेण्याचे कौशल्य वाढले. जागेने नियम घडविले, असे म्हणावयास हरकत नाही.

ही मुले केंब्रिजला एकत्र आली आणि घोटाळा झाला. आपल्याकडील विटीदांडूचा अनुभव आठवावा. दोन गावची मुले एकत्र आली की पहिला अर्धा तास कोणाच्या गावचे नियम चालवावयाचे या वादातच जातो. एकच खेळ कोठे हुतूतू, कोठे चेडुगुडु, कोठे हाडुडु या नावांनी आणि निरनिराळ्या रीतींनी खेळला जात होता, तोवर त्याचे अखिल भारतीय सामने भरविणे अशक्य होते. इंग्रज तरुणांपुढेही हीच अडचण होती. १८४८ साली केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी समाईक नियमांचा प्रयत्न केला. १८५७ साली शेफील्ड या पोलादाच्या शहरात एक क्लब निघाला आणि त्याने आपले स्वतंत्र नियम केले. तो क्लब आजही अस्तित्वात असून जगातील सर्वांत जुना फुटबॉल क्लब म्हणून ओळखला जातो.

आता त्या पानगृहातील सभेकडे वळू. बार्न्स क्लबचे एबेनेझर मॉर्ली हे पेशाने सॉलिसिटर. त्यांच्या पुढाकाराने लंडन व आसपासच्या क्लबांचे आणि शाळांचे प्रतिनिधी जमले आणि ‘फुटबॉल असोसिएशन’ स्थापन झाली. नियम ठरविण्यास एकंदर सहा बैठका लागल्या. त्या बैठकांवर एका वादाची छाया होती: प्रतिपक्षाच्या नडगीवर लाथ मारू द्यावी की नाही? ब्लॅकहीथ क्लबचे कॅम्बेल म्हणत की ही लाथ काढून टाकली तर खेळातील मर्दानीपणाच जाईल. दुसरी बाजू म्हणे, सोमवारी सकाळी ज्यांना कामावर जावयाचे आहे, त्यांना मोडलेली नडगी परवडणारी नाही. हा मुद्दा वरवर साधा दिसतो. पण खेळ हा रिकाम्या माणसांचा की कामकरी माणसांचा, हा प्रश्न येथे प्रथमच डोकावला. ८ डिसेंबर १८६३ रोजी तेरा नियम कायम झाले. चेंडू हातात घेऊन धावणे आणि नडगीवर लाथ मारणे या दोन्ही गोष्टींना मनाई झाली. ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला. त्या पंथाच्या क्लबांनी १८७१ साली स्वतःची संघटना काढली, तीच रग्बीची.

त्या तेरा नियमांत काय नव्हते, हे पाहणेही उद्बोधक आहे. एका बाजूस किती खेळाडू असावेत, ते नव्हते. सामना किती वेळ चालावा, ते नव्हते. गोलाचे दोन खांब आठ यार्ड अंतरावर असावेत असे होते. पण त्यांच्यावर आडवी दांडी नव्हती, तेव्हा चेंडू कितीही उंचीवरून खांबांमधून गेला तरी गोल! पंचाचा उल्लेखच नव्हता. सभ्य माणसे आपसात तंटा मिटवितील, अशी नियमकर्त्यांची श्रद्धा होती. ती फार काळ टिकली नाही. प्रथम दोन्ही पक्षांनी आपला एकेक पंच आणला. त्या दोघांचे जमेना, तेव्हा हद्दीबाहेर एक तिसरा गृहस्थ बसवून त्याच्याकडे तंटा निर्णयासाठी पाठविण्याची रीत पडली. ‘रेफरी’ या शब्दाचा मूळ अर्थ तोच: ज्याच्याकडे वाद सोपवावयाचा तो. १८९१ साली हा गृहस्थ मैदानात उतरला आणि सर्वाधिकारी झाला. त्याच वर्षी पेनल्टी आली. ती सुचविणारे विल्यम मॅक्रम हे आयर्लंडमधील एक गोलरक्षक होते. हौशी मंडळींना ही शिक्षा अपमानास्पद वाटली. कारण सभ्य गृहस्थ मुद्दाम दांडगाई करील असे गृहीत धरणेच त्यांना पटेना.

नियम असे अनुभवाने वाढत गेले. कोपऱ्यावरून मारावयाचा फटका, ज्यास आपण ‘कॉर्नर’ म्हणतो, तो शेफील्डकडून लंडनने घेतला. १८७७ साली दोन्ही नियमावल्या एक झाल्या. ऑफसाइडच्या नियमाची कथा तर विशेष बोलकी आहे. १८६३ मध्ये चेंडूच्या पुढे असलेला स्वपक्षाचा प्रत्येक गडी बाद समजला जाई; त्यामुळे पुढे चेंडू देणेच शक्य नव्हते. १८६६ मध्ये सवलत मिळाली: पुढे असलेला गडी आणि प्रतिपक्षाची गोलरेषा यांच्या दरम्यान तीन विरोधक असले म्हणजे पुरे. १९२५ मध्ये तीनांचे दोन केले. एका आकड्याचा हा बदल. पण इंग्लिश लीगमध्ये आदल्या हंगामात ४,७०० गोल झाले होते, ते पुढच्या हंगामात ६,३७३ झाले. मग बचाव कसा करावा, गडी कोठे उभे करावेत, याचा सगळा विचार नव्याने करावा लागला.

नियम झाले, पण नियमांनी मैदान भरत नाही. त्यासाठी लोकांजवळ वेळ लागतो. इंग्लंडमधील गिरणीकामगारास रविवारी सुट्टी असे; पण रविवार हा देवाचा वार, त्या दिवशी खेळणे निषिद्ध. मग खेळावयाचे केव्हा? याचे उत्तर १८५० च्या कारखाना कायद्याने दिले. कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांना शनिवारी दुपारी दोननंतर कामावर ठेवू नये, असे त्या कायद्याने ठरले. ही माणसे निघून गेल्यावर गिरणी चालणार कशी? म्हणून पुरुषांनाही सुट्टी मिळू लागली. हळूहळू इतर धंद्यांतही शनिवारची अर्धी सुट्टी रूढ झाली. इंग्लंडमधील सामने दीर्घकाळ शनिवारी दुपारी तीन वाजता सुरू होत आले, त्याचे मूळ येथे आहे. सुट्टीचे मोल काय असते, हे मुंबईकरांना सांगावयास नको. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या दीर्घ खटपटीनंतर मुंबईच्या गिरणीकामगारांना आठवड्याची रविवारची सुट्टी मिळाली, ती १८९० च्या जून महिन्यात. त्यापूर्वी आपल्या कामगारास खेळ शिकविण्यास कोणी गेला असता, तर त्याने विचारले असते, “साहेब, खेळू केव्हा?”

इंग्लंडमध्ये ही मोकळी दुपार मिळताच क्लबांचे पीक आले. प्रार्थनामंदिरांच्या तरुण मंडळांतून ॲस्टन व्हिला आणि एव्हर्टन निघाले. रेल्वेच्या डबे बांधण्याच्या कारखान्यातील कामगारांनी १८७८ साली न्यूटन हीथ नावाचा संघ काढला. तोच पुढे १९०२ मध्ये मँचेस्टर युनायटेड झाला. वुलिचच्या शस्त्रागारातील कामगारांनी १८८६ साली काढलेला संघ म्हणजे आजचा आर्सेनल. आगगाडीमुळे एका गावचा संघ दुसऱ्या गावी जाऊन त्याच दिवशी परत येऊ लागला. प्रेक्षक तिकीट काढून येऊ लागले, आणि खेळात पैसा आला.

वरच्या वर्गातही खेळ भरास आला होता. असोसिएशनचे चिटणीस चार्ल्स ऑल्कॉक यांच्या कल्पनेतून बाद पद्धतीची चषक स्पर्धा सुरू झाली. १८७२ सालच्या पहिल्या अंतिम सामन्यास सुमारे दोन हजार प्रेक्षक होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्लासगो येथे इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. गोल एकही झाला नाही. त्या काळी इंग्रज खेळाडू चेंडू मिळाला की एकटाच घेऊन निघे. चेंडू सोबत्याकडे देत देत पुढे जाण्याची रीत रुळली ती प्रामुख्याने स्कॉटिश खेळाडूंमुळे. एकट्याच्या पराक्रमाचा खेळ सहकार्याचा झाला, तो असा.

पहिली अकरा वर्षे चषक दक्षिणेतील सुखवस्तू मंडळींकडे राहिला. १८८३ साली अंतिम सामन्यात एका बाजूस होते ओल्ड ईटोनियन्स, म्हणजे ईटन शाळेचे माजी विद्यार्थी. आणि दुसऱ्या बाजूस लँकेशायरमधील ब्लॅकबर्न ऑलिंपिक. या दुसऱ्या संघात विणकर होते, सूत कातणारा कामगार होता, ओतशाळेतले कामगार होते, नळ बसविणारा होता. वेळ वाढवून दिल्यावर कामगारांच्या संघाने २-१ असा विजय मिळविला. त्यानंतर तो चषक हौशी संघाच्या हाती पुन्हा कधी गेला नाही.

येथूनच खरा तंटा सुरू झाला. लँकेशायरचे क्लब खेळाडूंना चोरून पैसे देतात, अशी ओरड झाली. खेळ खेळासाठी खेळावा, पैशासाठी नव्हे, हे तत्त्व कोणाला आवडणार नाही? परंतु त्या तत्त्वाची किंमत कोण देत होते, हे पाहावयास हवे. ज्याच्या घरी वडिलोपार्जित उत्पन्न आहे, त्याला सामन्यासाठी दोन दिवस प्रवास केला तरी काही गमवावे लागत नाही. विणकराने शनिवारी सकाळचे काम सोडले तर त्याची मजुरी जाते. हौशीपणा हा गुण खरा. पण ज्याला परवडतो त्याच्याच अंगी तो शोभतो, अशी स्थिती होती. १८८४ साली प्रेस्टन क्लबचे विल्यम सडेल यांनी खेळाडूंना पैसे दिल्याचे उघड कबूल केले आणि क्लब चषकातून बाद झाला. उत्तरेकडील क्लबांनी वेगळी संघटना काढण्याची धमकी दिली. अखेर जुलै १८८५ मध्ये असोसिएशनने धंदेवाईक खेळाडूंना मान्यता दिली. रग्बीवाल्यांपुढेही बुडालेल्या मजुरीचा हाच प्रश्न आला. त्यांनी भरपाई नाकारली, आणि १८९५ साली त्यांचा खेळ दुभंगला. फुटबॉल एकसंध राहिला तो या एका तडजोडीमुळे.

पगार द्यावयाचा म्हणजे उत्पन्न नियमित हवे. चषकात पहिल्याच फेरीत हरले की पुढे सामनेच नाहीत. यावर तोड काढली ॲस्टन व्हिलाचे विल्यम मॅक्ग्रेगर या कापडदुकानदाराने. बारा क्लबांनी एकमेकांशी स्वतःच्या व दुसऱ्याच्या मैदानावर ठरल्या दिवशी खेळावे, ही त्यांची योजना. आणि १८८८ साली ‘फुटबॉल लीग’ सुरू झाली. जगातील बहुतेक साखळी सामन्यांचा हा मूळ नमुना. पहिल्या वर्षी प्रेस्टनने बावीस सामन्यांत एकही हार न पत्करता ती जिंकली.

खेळाडूला पगार मिळाला. स्वातंत्र्य मिळाले का? नाही. १९०१ पासून आठवड्यास चार पौंड ही वेतनाची कमाल मर्यादा ठरली. पन्नास हजार लोक तिकीट काढून ज्याला पाहावयास येत, तोही या मर्यादेत. करार संपला तरी क्लबच्या संमतीवाचून त्याला दुसरीकडे जाता येत नसे. १९६१ साली खेळाडूंच्या संघटनेने, जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली, संपाची तयारी केली तेव्हा वीस पौंडांपर्यंत आलेली ही मर्यादा उठली. १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅम यांच्या खटल्यात न्यायालयाने जुनी बांधिलकी अन्याय्य ठरविली. आज नामांकित खेळाडूंच्या कोट्यवधींच्या कमाईकडे पाहून आपण नाक मुरडतो. मुरडावे, पण त्यामागे साठ वर्षांचे हे बंधन होते, याची आठवण असू द्यावी.

स्त्रियांच्या वाट्याला तर याहून कठोर अनुभव आला. पहिल्या महायुद्धात पुरुष रणांगणावर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांतील मुलींनी संघ काढले. प्रेस्टनच्या ‘डिक, कर’ कारखान्यातील मुलींचा सामना २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूल येथे झाला, तेव्हा ५३,००० प्रेक्षक होते. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये असोसिएशनने हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असे ठरवून आपल्या क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. नियमात ‘खेळाडू पुरुष असावा’ असे एक अक्षर नव्हते. मैदानाची किल्ली पुरुषांकडे होती, एवढेच. ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. स्त्रियांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा भरली ती १९९१ साली, चीनमध्ये.

दरम्यान खलाशी, व्यापारी, रेल्वेचे इंजिनियर आणि शिक्षक यांच्यासोबत चेंडू जगभर गेला. १९०४ साली पॅरिस येथे सात युरोपीय देशांनी ‘फीफा’ ही जागतिक संघटना स्थापली. गंमत अशी की, त्यात खेळाचे माहेरघर असलेले इंग्लंड नव्हते. १९३० साली उरुग्वेत पहिला विश्वचषक झाला. तेरा देश आले. अंतिम सामन्यात उरुग्वे आणि अर्जेंटिना यांचे चेंडू कोणाचा वापरावा यावर जमेना. तेव्हा पूर्वार्धात एकाचा, उत्तरार्धात दुसऱ्याचा, असा निवाडा झाला. विटीदांडूतला वाद जागतिक पातळीवरही सुटत नाही, तो असा!

आपल्या देशात हा खेळ गोऱ्या पलटणींबरोबर आला. सिमल्यास १८८८ साली ड्युरँड चषक आणि मुंबईस १८९१ साली रोव्हर्स चषक सुरू झाला. रोव्हर्स स्पर्धा आता बंद पडली आहे. परंतु कूपरेजच्या मैदानावर तिने मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांना हा खेळ दाखविला. सुरुवातीस सारे मानकरी लष्करी संघच होते. हिंदी संघाने हा चषक प्रथम जिंकला तो १९३७ साली, बंगलोर मुस्लिम्सने. त्याआधी २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यास मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २-१ असा पराभव करून आयएफए शील्ड जिंकली होती. त्यांच्या अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. वंगभंगाची जखम ताजी असताना मिळालेल्या या जयाचा आनंद खेळापुरता राहिला नाही, यात नवल ते काय? राज्यकारभारात, न्यायदानात, आगगाडीच्या डब्यात जी समता नव्हती, ती त्या आखलेल्या चौकोनात काही वेळ तरी होती. आणि ती असली म्हणजे निकाल काय लागू शकतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर कोल्हापूरचे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तेथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम अशा नावांचे फुटबॉल संघ आहेत. पेठेची तालीम ही मूळची कुस्तीची. तिनेच हा परका चेंडू आपलासा केला. ॲस्टन व्हिलाला प्रार्थनामंदिराने जन्म दिला, येथे ते काम तालमीने केले. खेळ रुजतो तो माणसे आधीपासून जेथे एकत्र येतात तेथेच, हा धडा दोन्हीकडे सारखा आहे.

या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट निष्पन्न होते. नियमांनी फुटबॉलला फार मोठी देणगी दिली: एकमेकांना न ओळखणारी, एकमेकांची भाषा न जाणणारी बावीस माणसे काही न बोलता एकत्र खेळू शकतात. ही सोय लहान नाही. तथापि मैदानात आत कोणाला घ्यावयाचे, हे त्या तेरा नियमांनी कधीच ठरविले नाही. विणकराला आत आणले शनिवारच्या सुट्टीने आणि उघड दिलेल्या मजुरीने. स्त्रियांना आणले त्यांच्या चिकाटीने. आणि आपल्या अनवाणी खेळाडूंना आणले त्यांच्या हिमतीने. म्हणून आपल्या गावात खेळ वाढावा असे ज्यांना वाटते, त्यांनी चषक आणि ढाली देण्यापूर्वी दोन साध्या गोष्टींची चौकशी करावी. गावात मोकळे मैदान उरले आहे का? आणि कामावर जाणाऱ्या मुलांना व घरकामात अडकलेल्या मुलींना तेथे येण्यास एक दुपार मोकळी मिळते का? या दोहोंची तजवीज झाली, तर नियम शिकविण्यास फार वेळ लागत नाही.